मोरचूद पिठासारखं दळलं, तरी तळाशी ढेप का झाली?

काटोलकडच्या एका तरुण बागायतदाराचा प्रश्न आहे. तो आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचे वडील दरवर्षी पावसाळ्याआधी संत्र्याच्या खोडांना बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मलम, लावतात. त्यासाठी १ किलो मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) निळे खडे फडक्यात बांधून रात्रभर बादलीत लटकवून ठेवतात. यंदा वेळ वाचावा म्हणून मुलानं मोरचूद मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं केलं, ५ लिटर पाण्यात एकदम ओतलं, दोन-चार वेळा काठी फिरवली आणि झोपायला गेला. सकाळी बादलीच्या तळाशी निळी घट्ट ढेप, खुरप्यानं खरवडावी लागेल अशी. वडील म्हणाले, खडेच बरे. मुलगा विचारतो, "बारीक पदार्थ लवकर विरघळतो असं शाळेत शिकलो, मग हे खोटं का?" शिवाय ठिबकमधून सोडायचं ०:०:५० हे खत पण नीट विरघळत नाही, तेही दळून घ्यावं का, असं पुढे विचारलं आहे.

भाऊ, शाळेत शिकवलं ते खरं आहे आणि वडिलांची पोटलीही खरी आहे. तुमचा खरा प्रश्न बारीक की जाड हा नाहीच. दळल्यावर जे कण तयार झाले, त्यातल्या किती कणांपर्यंत पाणी पोचलं, हा आहे. मी नागपुरात माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवतो आणि काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातल्या बागांना वीसहून जास्त वर्षं जातो आहे. तळाशी बसलेली ही निळी ढेप मी खूप बादल्यांत पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी भुकटी चांगली बारीकच होती.

आधी बारीक करण्याचा फायदा नेमका किती, ते आकड्यांत बघू. घन पदार्थ विरघळतो तो फक्त पृष्ठभागावरून. आतल्या भागाला वरचा थर निघून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. १ किलो मोरचूद २ सेंटिमीटरच्या चौकोनी खड्यांचं आहे असं धरा. असे साधारण ५५ खडे होतील आणि त्यांचा सगळा मिळून पृष्ठभाग सुमारे १,३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या वहीच्या दोन पानांएवढा. तेच १ किलो साखरेच्या दाण्याएवढं, म्हणजे १ मिलिमीटरचं केलं, तर पृष्ठभाग २.६ चौरस मीटर होतो, जवळजवळ डबल बेडच्या गादीएवढा. आणखी दहापट बारीक, पिठासारखं केलं, तर २६ चौरस मीटर, म्हणजे १७ बाय १७ फुटांच्या हॉलची फरशी. वजन तेच १ किलो, आणि पाण्याला काम करायला जागा मात्र वहीच्या पानांपासून हॉलच्या फरशीपर्यंत. पुस्तक बरोबर आहे ते इथवर.

पण पृष्ठभाग हा हिशोबाचा एक भाग झाला. १८९७ मध्ये अमेरिकेत आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी बेंझॉइक आम्ल आणि लेड क्लोराइड या सावकाश विरघळणाऱ्या पदार्थांच्या कांड्या पाण्यात फिरवून बघितल्या. त्यांना असं दिसलं की विरघळण्याचा वेग पाणी पूर्ण संपृक्त व्हायला, म्हणजे आणखी काही मावणार नाही इतकं भरायला, अजून किती वाव आहे त्यावर ठरतो. पाणी जितकं भरत जातं तितका वेग मंदावतो. पुढे १९०४ मध्ये नर्न्स्ट आणि ब्रुनर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. कणाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो, आणि विरघळलेला पदार्थ त्या थरातून बाहेर सरकावा लागतो. थर पातळ असेल तर काम लवकर, जाड असेल तर उशिरा. आपण ढवळतो तेव्हा खरं तर हा थर पातळ करत असतो.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र लागतात. पाण्याला भिडलेला पृष्ठभाग, पाण्यात शिल्लक असलेली जागा, आणि कणाभोवतीच्या थराची जाडी. दळण्यानं यातली फक्त पहिली वाढते, आणि तीही तेव्हाच, जेव्हा कण एकमेकांपासून सुटे राहतात.

आता तुमच्या बादलीत रात्री काय झालं ते बघा. मोरचूद पाण्याच्या दुपटीपेक्षा जड. पीठ ओतल्याबरोबर ते खाली बसलं आणि तळाशी दाबून भरल्यासारखा थर झाला. कणांच्या फटींत जे थोडं पाणी अडकलं ते काही क्षणांत संपृक्त झालं, कारण पृष्ठभाग प्रचंड आणि पाणी थेंबभर. संपृक्त झाल्यावर त्या पाण्यात आणखी काही विरघळणार नाही. मोरचुदाचं दाट द्रावण साध्या पाण्यापेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे ते आपणहून वर येत नाही आणि वरचं ताजं पाणी खाली जात नाही. हॉलच्या फरशीएवढा पृष्ठभाग तुम्ही तयार केला, पण पाण्याला भिडली ती फक्त ढिगाची वरची पाठ, बादलीच्या तळाएवढी.

ढेप दगडासारखी होण्याचं कारण पुढचं आहे. मे महिन्यात दिवसा पाणी तापलेलं असतं, पहाटेपर्यंत ते बरंच निवतं. गरम पाण्यात मोरचूद जास्त मावतं, थंड पाण्यात कमी. फटींतलं संपृक्त पाणी थंड झालं की त्यातलं जास्तीचं मोरचूद परत स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि ते नेमकं दोन कणांच्या मध्ये जमतं. विटांच्या मध्ये सिमेंट भरावं तसं. दमट पावसाळ्यात युरियाची किंवा मिठाची गोणी दगड होते तीही याच रीतीनं. सकाळी ढेप खरवडायला खुरपं लागतं ते म्हणूनच.

वडिलांच्या पोटलीत हीच गोष्ट उलटी वापरली आहे, आणि मला ती पद्धत फार आवडते. पोटली पाण्याच्या वरच्या भागात लटकते. खड्यांवरून सुटलेलं जड निळं द्रावण खाली ओघळतं, त्याची जागा घ्यायला हलकं ताजं पाणी बाजूनं वर येतं, आणि बादलीत आपोआप पाण्याचा फेरा सुरू होतो. कोणी ढवळत नसतानाही खड्याला ताजं पाणी मिळत राहतं. काचेच्या ग्लासात मोरचुदाचा एक खडा दोऱ्यानं वरच्या बाजूला टांगून बघा. निळ्या रेघा सरळ खाली उतरताना डोळ्यांना दिसतात. तसाच दुसरा खडा दुसऱ्या ग्लासाच्या तळाशी ठेवा. तिथे तळाला निळा थर जमून राहतो आणि वरचं पाणी तासन्‌तास स्वच्छ दिसतं. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच दोन ग्लास दाखवतो.

मग प्रत्येकानं खडेच टांगावेत का? इथे परिस्थिती बघावी लागते. तुम्ही मलम करताय, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि सगळं मिळून १० लिटर पाणी. मोरचुदाच्या वाट्याला येतं ५ लिटर, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ३०० ग्रॅमच्या थोडं वर मोरचूद विरघळतं, उन्हाळ्याच्या पाण्यात त्याहून जास्त. तुमचं पाणी शेवटी बऱ्यापैकी भरत येतं, त्यामुळे शेवटचा भाग विरघळायला वेळ लागणारच. फवारणीचं १ टक्क्याचं मिश्रण करणाऱ्याचं मात्र वेगळं. तिथे १ किलोला १०० लिटर पाणी, आणि मोरचूद ५० लिटरमध्ये विरघळवलं तर लिटरला फक्त २० ग्रॅम. त्या पाण्यात जागाच जागा असते, आणि नीट ढवळलं तर जाडसर भुकटीसुद्धा लवकर संपते. शेजाऱ्याचं फवारणीचं मोरचूद झटपट विरघळलं आणि माझं मलमाचं नाही, असं पुष्कळ जण सांगतात. दोघांचं मोरचूद सारखंच असतं, पाणी वेगळं असतं.

आता किती बारीक करावं? माझं मत स्पष्ट आहे. जाड साखर किंवा रवा, इतपत पुरे. पीठ नको. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९३१ मध्ये हिक्सन आणि क्रॉवेल या संशोधकांनी विरघळत जाणाऱ्या कणांचा हिशोब मांडला. पाण्यात भरपूर जागा आहे आणि ढवळणं सारखं चालू आहे असं धरलं, तर कणाची जाडी ठरावीक गतीनं कमी होत जाते. म्हणजे २ सेंटिमीटरच्या खड्याला जितका वेळ लागेल, त्याच्या दहाव्या हिश्श्यात २ मिलिमीटरचा दाणा संपेल. यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही शेतावर रोज दिसतात.

पहिली अशी. निम्म्या वेळात खड्याची जाडी निम्मी होते, आणि जाडी निम्मी म्हणजे वजन आठवा हिस्सा. पहिल्या निम्म्या वेळात १ किलोतलं ८७५ ग्रॅम गेलेलं असतं, उरलेल्या १२५ ग्रॅमला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. शेवटचे खडे हट्टाला पेटल्यासारखे वाटतात ते याच हिशोबामुळे, माल खोटा म्हणून नाही. दुसरी गोष्ट, एकूण वेळ ठरतो तो सगळ्यात मोठ्या खड्यावरून. निम्मा माल पीठ आणि चार खडे लिंबाएवढे असतील, तर तुम्हाला त्या चार खड्यांसाठीच थांबावं लागेल. म्हणून सगळं दळत बसण्यापेक्षा मोठे खडे फोडा आणि सगळा माल साधारण एकसारखा करा. गोणपाटात घालून लाकडी मोगरीनं ठोका, डाळीच्या चाळणीतून काढा, वर राहतील ते परत ठोका. पाच मिनिटांचं काम आहे.

दळण्याबद्दल एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. ते मिक्सरचं भांडं आता पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. मोरचूद पोटात जाणं विषारी आहे, आणि त्याची उडालेली पूड डोळ्यांना आणि घशाला भाजल्यासारखी लागते. घरात लहान मुलं असतील तर ते भांडं सरळ बागेच्या खोलीत ठेवा आणि त्यावर खूण करा. ठोकतानाही तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेत.

भुकटीच मिळाली असेल, दुकानात खडे नव्हते, तर ती वापरायची रीत वेगळी आहे. पाणी आधी, भुकटी नंतर. एका हातानं बांबूच्या काठीनं पाणी गोल फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं भुकटी मूठ-मूठ भुरभुरवायची, उपम्याच्या आधणात रवा सोडतात तशी. एक मूठ दिसेनाशी झाल्यावर दुसरी. असं केलं की प्रत्येक कण पाण्यात सुटा पडतो, आणि दळून मिळवलेला सगळा पृष्ठभाग खरोखर कामाला येतो. काठी तळाला घासून फिरवा, कारण जड द्रावण तळाशीच बसतं. वरवर ढवळून पाणी निळं दिसतं, पण तळ तसाच राहतो. बादली किंवा ड्रम प्लॅस्टिकचा घ्या. लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात मोरचुदातलं तांबं भांड्यावर बसतं, भांडं खराब होतं आणि द्रावणाची ताकदही जाते. निम्मं पाणी हाताला सोसेल इतकं कोमट घेतलंत तर आणखी बरं. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही, उन्हात ठेवलेल्या ड्रमचं पाणी पुरतं.

एक फसवा प्रकारही सांगून ठेवतो. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. त्यात मोरचूद टाकलं की पाणी फिकट निळसर-पांढरं गढूळ दिसतं आणि लोकांना वाटतं, अजून विरघळलं नाही. ते न विरघळलेलं मोरचूद नसतं, पाण्यातल्या क्षारांशी क्रिया होऊन पडलेला साका असतो. तो कितीही ढवळला तरी जाणार नाही. खडे शिल्लक आहेत का हे पाण्याकडे बघून कळत नाही, काठीनं तळ चाचपून कळतं.

आता चुन्याकडे येतो, कारण तिथे बारीकपणाचा अर्थच बदलतो. चुना पाण्यात लिटरला २ ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. तुम्ही ५ लिटरमध्ये १ किलो घालता, म्हणजे जवळजवळ सगळा चुना कणांच्या रूपातच राहणार आहे. पीठ करा की आणखी काही करा, विरघळण्याची मर्यादा त्यानं वाढत नाही. कण किती लहान आहे यावरून किती लवकर हे ठरतं, किती मावेल हे ठरत नाही. तरीही चुना बारीकच हवा. जाड कण असला तर मोरचुदाशी क्रिया फक्त त्याच्या सालीवर होते, आत कोरा चुना अडकून राहतो, आणि तिकडे द्रावणात मोकळं मोरचूद शिल्लक राहतं. तेच पुढे झाडाच्या सालीला आणि कोवळ्या पानांना भाजतं. म्हणून कळीचा चुना थोड्या-थोड्या पाण्यानं विझवून पूर्ण फुलू द्या. तो फार तापतो आणि उसळतो, तोंड लांब ठेवा. मग त्याचं दूध करून दुहेरी फडक्यातून गाळा. फडक्यावर राहतील ते खडे फेकून द्या. फेकलेल्या खड्यांएवढा चुना मात्र वजनात भरून काढा.

०:०:५० च्या बाबतीत मी स्वतः एकदा चूक केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बागायतदाराला जानेवारीत १०० लिटर पाण्यात १० किलो मिसळून व्हेंचुरीनं (खत ओढून ठिबकच्या पाण्यात मिसळणाऱ्या नळीनं) सोडायला सांगितलं. पहाटे टाकीचं पाणी बर्फासारखं होतं. विरघळेना, म्हणून त्यांनी मोगरीनं कुटून टाकलं, तरी तळाशी राहिलं आणि शेवटी जाळीचा फिल्टर चोंदला. त्यांचा सगळा दिवस गेला, आणि दोष माझ्या आकड्याचा होता. हे खत म्हणजे पोटॅशियम सल्फेट. १०० ग्रॅम पाण्यात ते २० अंशांना साधारण ११ ग्रॅम विरघळतं आणि १० अंशांना फक्त ९ च्या आसपास. लिटरला १०० ग्रॅमचा माझा हिशोब त्या पहाटे पाण्याच्या मर्यादेच्या बाहेरच होता. तिथे कुटून काही उपयोग नव्हता. पाण्यात जागाच शिल्लक नसेल तर पृष्ठभाग किती का वाढवा, वेग शून्याकडेच जातो.

म्हणून तुमचं ०:०:५० दळू नका. हिवाळ्यात लिटरला ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका, म्हणजे १० किलोला २०० लिटर पाणी घ्या. पहाटे टाकीतलं रात्रीचं पाणी न घेता बोअर चालू करून ताजं पाणी घ्या, थंडीत ते हाताला कोमट लागतं. युरिया आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या खतांचं आणखी एक आहे. ती विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. पाणी गार होतं आणि पुढचा माल हळू विरघळतो, म्हणून अर्धं टाका, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं टाका. आणि कॅल्शियम नायट्रेट असलेल्या टाकीत ०:०:५० कधी मिसळू नका. तिथे जो पांढरा गाळ दिसतो तो जिप्सम असतो, तो ढवळून परत विरघळणार नाही.

आता तुमच्या त्या ढेपीचं काय करायचं ते सांगतो, कारण मृगाचा पाऊस जवळ आला आहे आणि खोडं कोरडी असतानाच मलम लागायला हवं. खोडातून डिंक गळवणाऱ्या डिंक्या रोगाची बुरशी पावसाच्या ओलाव्यातच पसरते. ढेप फेकू नका, आणि नाल्यात किंवा विहिरीजवळ तर अजिबात ओतू नका, तांबं माशांना मारतं. वरचं निळं द्रावण दुसऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीत काढून घ्या. ढेप मोगरीनं फोडून बोराएवढे तुकडे करा, वडिलांच्या त्याच फडक्यात बांधा आणि त्याच द्रावणात, पाण्याच्या अगदी वरच्या थराला टांगा. एकूण पाणी ५ लिटरच राहू द्या. दुपारच्या उन्हात ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत पोटली बहुधा रिकामी होईल. चुन्याचं दूध दुसऱ्या दिवशी सकाळी ताजं करा, गाळा, आणि सतत ढवळत त्यात मोरचुदाचं द्रावण बारीक धारेनं ओता. मग घासून चकचकीत केलेलं साध्या लोखंडी चाकूचं पातं मिनिटभर मलमात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं मोरचूद अजून आहे, गाळलेलं चुन्याचं दूध थोडं-थोडं घालून पुन्हा पातं बुडवा. पातं स्वच्छ निघालं की ब्रश घ्या, जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत खोड रंगवा, आणि केलेलं सगळं मलम त्याच दिवशी संपवा.